मिनॉक्स बी (जुना चिमुकला कॅमेरा) मिळालाय, नोंदी कशा ठेवायच्या?

नौपाडा_क्लिक: मामांच्या कपाटातून मिनॉक्स बी निघाला, लेदर केस आणि ती मणीवाली चेनपण आहे. सगळ्याची नीट यादी करायचीय, काय काय लिहू? आणि बॅटरी कुठे टाकतात, झाकणच सापडत नाहीये 😅

वाशीचा_बाबू: बॅटरी नाहीच रे त्याला, उजेड मोजायचा मीटर सेलेनियमचा आहे, उजेडावरच चालतो, मीटरच्या खिडकीवर उजेड पाड, काटा हलला तर जिवंत. चेन मात्र जपून ठेव, शोभेची नाहीये ती, कागदाचा फोटो काढताना अंतर मोजायला आहे, मणी वेगवेगळ्या अंतरांवर असतात आणि पूर्ण ताणली की ६० सेंमी. सिरीयल नंबर लिहीच, केस-चेनचे फोटो पट्टी शेजारी ठेवून काढ.

कोपरीकर७१: कॅमेरा उगाच ओढून उघडबंद करत बसू नकोस, आत जुना रोल असेल तर दर वेळी एक फ्रेम पुढे जाते, फोटो काढ नायतर नको काढूस. निगेटिव्ह फक्त ८ बाय ११ मिमी! आणि ठाण्याच्या पावसाळ्यात केसमध्ये कोंबून ठेवू नको, लेदर ओल धरतं, लेन्सला बुरशी लागते. हवाबंद डबा, सिलिका जेल, केस वेगळी.

नौपाडा_क्लिक: काटा हलला!! पण मागे मेड इन लाटविया नाहीये, मग नकली का?

वाशीचा_बाबू: नाय रे, तसं लिहिलेले ते १९३८ च्या आसपासचे, लाटवियातल्या रीगा शहरात बनलेले, मिनॉक्स बनवणाऱ्या वॉल्टर झॅपचं मूळ मॉडेल, स्टीलचे आणि जड. बी युद्धानंतरचा, जर्मनीचा.