मदत हवी आहे: संत्र्यातून निघालेला गोळा डीएनए आहे की दुसरंच काही?

आंबिया_बहार: वरूड तालुक्यातली शाळा. विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या मुली संत्र्यातून डीएनए काढताहेत. गाळलेल्या रसात भांड्याचा लिक्विड साबण आणि मीठ टाकलं, वरून रसाइतकंच आयसोप्रोपिल अल्कोहोल (मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचं, ९९ टक्के) सोडलं. पांढरट, थुलथुलीत गोळा लगेच वर आला. काडीला मात्र धागा गुंडाळत नाही, लोंबतो आणि तुटतो. परीक्षकांनी विचारलं तर काय सांगायचं?

गाळणी: सर, तो बहुतेक पेक्टिन आहे. पेशीभित्तिकेतलं हे पॉलिसॅकराइड (साखरेच्या रेणूंची लांब साखळी) संत्र्यात भरपूर असतं आणि अल्कोहोलमध्ये डीएनएसारखंच साकळतं. खात्री करायची तर साबण आणि मीठ न टाकता नुसत्या गाळलेल्या रसात तेवढंच अल्कोहोल सोडा. तरीही तसाच गोळा आला तर तो डीएनए नाही, कारण साबणाशिवाय पेशीचं आणि केंद्रकाचं पटल फुटत नाही, डीएनए आतच राहतो. ही दुसरी नळी प्रदर्शनात शेजारीच ठेवा, परीक्षकांचा निम्मा प्रश्न तिथंच मिटतो.

संत्र्याचा नाद सोडा. फोडीतल्या पेशी मोठ्या, पाण्याने भरलेल्या. वजनाच्या मानाने केंद्रकं फारच कमी. सध्या तुरीचे सोले निघताहेत, ते घ्या. दाण्यातल्या पेशी लहान, म्हणून मूठभर दाण्यांत केंद्रकं कितीतरी जास्त.

पाटावरवंटा: सोल्यांची कृती देतो. १०० ग्रॅम सोले, २०० मिली थंड पाणी, मिक्सरमध्ये १५ सेकंद. जास्त फिरवलं तर डीएनएचे तुकडे होतात आणि धाग्याऐवजी भुगा मिळतो. चहाच्या गाळणीतून गाळा. त्यात ३ ग्रॅम मीठ आणि दोन मोठे चमचे लिक्विड साबण. हळू ढवळा, फेस नको. भांडं १० मिनिटं ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात ठेवा. याहून गरम केलं तर स्टार्च फुगून खळ होते आणि पुढे काहीच गाळता येत नाही. मग कच्च्या पपईच्या चिकाचे ४-५ थेंब, ५ मिनिटं. त्यातलं पपेन डीएनएला चिकटलेली प्रथिनं तोडतं. सोल्यांत प्रथिनं फार, म्हणून ही पायरी गाळू नका. चीक हाताला लागू देऊ नका, कातडी चुरचुरते.

शेवटी मलमलीतून गाळून परीक्षानळी एक तृतीयांश भरा. नळी तिरपी धरून भिंतीवरून तेवढंच गार अल्कोहोल सोडा. हलवायचं नाही. दोन थरांच्या सीमेवर धागे दिसतील, काचेच्या कांडीला गुंडाळा. मिठाचं काम इथं आहे: डीएनएच्या फॉस्फेटवर ऋण भार असतो, सोडियम तो झाकतो, म्हणून रेणू एकमेकांजवळ येतात.

आंबिया_बहार: आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) संपत आलंय. मेडिकलमधलं ७० टक्के इथेनॉल चालेल का?

गाळणी: नाही. समान मापात मिसळलं की ते ३५ टक्क्यांवर येतं, दुप्पट घातलं तरी ४७ च्या आत. डीएनए साकळायला इथेनॉल ६५ टक्क्यांच्या आसपास लागतं. ९५ टक्क्यांचं असेल तर दुप्पट माप घ्या. सॅनिटायझर तर नकोच, त्यातलं जेलच गुठळ्या करतं. बाटली बर्फाच्या बादलीत ठेवा, चुलीजवळ नाही.

पाटावरवंटा: खात्रीच हवी असेल तर जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात डायफिनाइलअमीन मिळतं का बघा. धागे त्यात घालून उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवले की निळा रंग येतो. हा रंग डीएनएतल्या डीऑक्सिरायबोज साखरेचा. आरएनए या डीएनएसारख्याच दुसऱ्या रेणूत रायबोज, म्हणून तो निळा होत नाही आणि पेक्टिनही नाही. द्रावणात तीव्र आम्लं असतात, तेव्हा परीक्षा तिथल्या शिक्षकांनीच करावी, मुलींनी फोटो तेवढा लावावा.

आणि हो, फलकावर "हा दुहेरी सर्पिल" असं लिहू नका. डीएनएचा एक रेणू म्हणजे दोन धाग्यांचा पीळ, त्या सर्पिलाची जाडी जेमतेम २ नॅनोमीटर. डोळ्यांना दिसतो तो असंख्य रेणूंचा गुंता, थोडी प्रथिनं आणि आरएनए धरून.