मदत हवी आहे: थायरॉइड, आयर्न, कॅल्शियमच्या वेळा कशा बसवता?

मला सहावा महिना चालू आहे. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते. त्यानंतर आयर्न आणि कॅल्शियमसाठी 4 तासांचं अंतर हवं. ही दोन्हीही एकत्र चालत नाहीत, कारण कॅल्शियममुळे आयर्न नीट शोषलं जात नाही. त्यात आयर्ननं मळमळतं. काल दुपारची गोळी संध्याकाळी पर्समध्ये तशीच सापडली, रडूच आलं. डोकेदुखीवर 20 आठवड्यांनंतर आयब्युप्रोफेन नको, हे डॉक्टरांनी बजावलंय, ते पक्कं लक्षात आहे. अडतंय ते या वेळांपाशी. नोकरी करणाऱ्या मैत्रिणींनो, आयर्न नेमकं कधी घेत होतात? रात्री झोपताना घेतल्यावर मळमळ कमी झाली का? डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी काहीच बदलणार नाही, पण तुमचा अनुभव कळला तर त्यांच्याशी नीट बोलता येईल.