टेबलाला भोक न पाडता जॉयस्टिक घट्ट बसवणे : शिकंजा (क्लॅम्प) सोडून दुसरा इलाज आहे का?

कर्वेनगरचा_कोपायलट

परवा रात्री कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर लोहगावला, म्हणजे पुणे विमानतळावर, उतरत होतो. रनवे १०, वारा थोडा आडवा, बाकी सगळं छान जुळून आलेलं. ऐन फ्लेअरला (चाकं टेकण्याआधी नाक उचलताना) मूठ मागे ओढली आणि जॉयस्टिकचं पुढचं बूड टेबलावरून उचललं. मूठ आणि तळ दोन्ही एकदम कलले, त्यामुळे विमानाला जेमतेम निम्मा एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा पंखा) मिळाला. चाकं आपटली, पाठोपाठ जॉयस्टिक टेबलावर आपटली, आणि आतल्या खोलीतून आवाज आला, "काय फोडलंस रे?"

टेबल घरमालकांचं आहे. सनमायकावर चहाच्या कपाचा डाग पडला तरी ते बोट फिरवून बघतात, तिथे ड्रिल कुठलं चालवणार?

आतापर्यंत केलेले प्रयोग : ड्रॉवरमध्ये अंथरतात ती रबरी जाळी, सक्शन कप आणि व्हेल्क्रो. जाळीने सरकणं थांबलं, उचलणं नाही. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत हे कळायलाच मला महिना लागला. सक्शन कप आमच्या मॅट सनमायकावर दहा मिनिटंही टिकले नाहीत, खरखरीतपणातून हवा आत शिरते. व्हेल्क्रोवर जॉयस्टिक जागच्या जागी डुलते, म्हणजे मूठ मधोमध असताना तिला दोन-तीन मिलिमीटर उगाच खेळ.

शेवटी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १८ मिलिमीटर प्लायचा एक तुकडा आणला. जॉयस्टिकच्या तळाचे स्क्रू काढले आणि त्याच भोकांत प्लायच्या खालून लांब स्क्रू घातले (लांबी मोजूनच घ्या, आत जास्त घुसला तर सर्किट बोर्डाला लागतो). मग प्लाय टेबलाच्या कडेला दोन शिकंज्यांनी आवळला. भोकं पडली ती माझ्या प्लायला. टेबल कोरं.

माझं मत स्पष्ट आहे : शिकंजा हाच एक उपाय, बाकी सगळं थोतांड. कुणाचं वेगळं असेल तर मांडा.

तपकीरगल्ली

थोतांड काय लगेच! तुम्ही कपडे शिवायचं व्हेल्क्रो वापरलंत, हे न सांगताच कळतंय. जॉयस्टिकला लागतं ते मशरूमच्या डोक्यांचं, दोन्ही पट्ट्या सारख्याच, दाबलं की 'कट्ट' असा आवाज येतो. त्यात खेळ जवळपास नसतोच. लावायची पण पद्धत आहे. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पृष्ठभाग पुसायचा, कॉलिनने नाही. पट्टी जोर देऊन दाबायची आणि तीन दिवस हात लावायचा नाही. ॲक्रिलिक गोंदाला पूर्ण ताकद यायला ७२ तास लागतात. लोक संध्याकाळी चिकटवतात, रात्री डॉगफाइट खेळतात आणि सकाळी गोंदाला शिव्या घालतात.

काढताना हेअर ड्रायरने गरम करा, पट्टीखालून जाड दोरा करवतीसारखा ओढा. माझ्या टेबलावर चार वर्षांत खूण नाही.

कर्वेनगरचा_कोपायलट

@तपकीरगल्ली, खेळाचा मुद्दा मान्य, मी साधंच वापरलं होतं. पण व्हेल्क्रो काय नि टेप काय, आडवं ओढलं तर जबरदस्त धरतं आणि एका कडेने सोललं की हरतं. आणि जॉयस्टिक मागे ओढली की नेमकं तेच होतं, पुढची कड सोलली जाते. शिवाय कर्वेनगरात वरच्या मजल्यावर एप्रिल-मेमध्ये टेबलसुद्धा हाताला गरम लागतं. त्या गोंदाचा भरवसा माझ्या डिपॉझिटवर मी तरी धरणार नाही.

अनुस्वार

सक्शन कपाबद्दल एक दुरुस्ती. चार सेंटिमीटर व्यासाचा कप गणिताने बारा किलो धरायला हवा. पण पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी. त्यामुळे मुंबईकरांचे कप आपल्यापेक्षा जरा जास्त धरतात. (हे तुमच्या अपयशाचं कारण नाही. कारण मॅट सनमायका हेच आहे. पण नोंद असावी.)

आता खरा आक्षेप. शिकंजा लागतोच कशाला? गणित करा. जॉयस्टिक एक किलोची, तळ वीस सेंटिमीटर रुंद, मूठ धरतो ती उंची वीस. तळाच्या मध्यापासून कडेपर्यंत दहा. म्हणजे मुठीला अर्ध्या किलोचा जोर लागला की बूड उचलणार. आता तीच जॉयस्टिक ४० बाय ४० च्या १८ मिलिमीटर प्लायवर मधोमध बसवा. प्लायचं वजन पावणेदोन-दोन किलो, कडेचं अंतर वीस. उचलायला लागणारा जोर अडीच किलोच्या वर गेला, म्हणजे पाचपट. खाली तुमचीच रबरी जाळी. शिकंज्याचे पैसे वाचले, टेबलाची कडही वाचली.

जी_सूट

गणित बरोबर, पण ४० बाय ४० चा पाट टेबलावर ठेवल्यावर कीबोर्ड कुठे ठेवायचा, गॅलरीत?

हडपसरची_घार

सगळ्यांची माफी मागून बोलतो. तुम्ही फार जोरात धरताय.

काही वर्षांपूर्वी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला ग्लायडरमध्ये बसायचा योग आला होता. तिथे पहिली गोष्ट शिकवली ती ही, की काठी अंगठा आणि दोन बोटांत धरायची. मूठ आवळली की विमान काय सांगतंय ते हाताला कळत नाही. सिम्युलेटरमध्येही तेच. फ्लेअरला एवढं ओढावं लागतंय म्हणजे ट्रिम (काठी सतत ओढून धरावी लागू नये म्हणून असलेली सोय) लावलेला नाही किंवा वेग चुकलाय. ट्रिम नीट असेल तर फ्लेअरलासुद्धा बोटांचंच काम. माझी जुनी हलकी जॉयस्टिक गेली पाच वर्षं टेबलावर नुसती ठेवलेली आहे. खाली काही नाही. उचलली जात नाही.

आधी हात सैल करा, मग सुताराकडे जा.

जी_सूट

@हडपसरची_घार, काका, ग्लायडरमध्ये बोटांना हवेचा दाब जाणवतो. आमच्या हाताला जाणवते ती प्लास्टिकच्या डब्यातली स्प्रिंग, आणि ती ताशी १०० किलोमीटरलाही तेवढीच, ९०० लाही तेवढीच.

हात जास्त जोर लावतो हा काही नवशिक्यांचा दोष नाही. एफ-१६ ची काठी सुरुवातीला जवळपास हलायचीच नाही, नुसता जोर मोजायची. कमाल आदेश केव्हाच पोचलेला असला तरी वैमानिक ओढतच राहायचे, कारण हाताला काही कळायचंच नाही. शेवटी तिला मुद्दाम थोडा खेळ द्यावा लागला. कसलेल्या माणसांचं हे झालं, तर रात्री अकरा वाजता मागे विमान लागलेलं असताना मी दोन बोटांत काय धरणार?

ट्रिमचं मात्र खरं आहे. कोपायलटभाऊंनी ट्रिम लावला नव्हता यावर माझी पैज.

कर्वेनगरचा_कोपायलट

लावला होता.

थोडा.

पाटावरचा_पायलट

तुम्ही सगळे चुकीच्या फर्निचरवर भांडताय. जॉयस्टिक टेबलावर हवीच कशाला?

लोहगावहून उडणारी सुखोई-३० घ्या, काठी वैमानिकाच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये आहे. कोपर मांडीजवळ, मनगट सरळ. आपण काय करतो? टेबल अडीच फूट उंच, त्यावर वीस सेंटिमीटरची मूठ, म्हणजे हात जवळजवळ खांद्याच्या उंचीला टांगलेला. तासाभरात खांदा भरून येतो आणि दमलेला हातच जास्त झटके देतो. मग बूड उचलतं आणि आपण शिकंजे शोधायला बाहेर पडतो.

माझा उपाय : जेवायला बसायचा जुना पाट. आजोळचा, सागवानी, खालच्या पट्ट्या काढून टाकलेल्या. तो खुर्चीवर आडवा नाही, उभा ठेवतो, मागचा भाग मांड्यांखाली आणि पुढचा गुडघ्यांच्या मध्ये बाहेर आलेला. बाहेरच्या टोकाला जॉयस्टिक स्क्रूने बसवली. वर मी बसलो की पंच्याहत्तर किलो वजन त्यावर. कुठला शिकंजा एवढं धरेल? उठलो की पाट भिंतीला टेकवून ठेवायचा. घरमालकाला त्याचा पत्ताही नाही.

वर पातळ उशी घ्या, नाहीतर पाटाची कड मांडीला काचते आणि पायाला मुंग्या येतात. हे मी पहिल्या आठवड्यात शिकलो.

तपकीरगल्ली

आजोळच्या पाटाला स्क्रू मारलेत?? आमच्या आजीने तुम्हाला त्याच पाटाने हाणलं असतं.

निळी_खुर्ची

पाटाची कल्पना मी करून पाहिली आहे. दोन अडचणी.

एक, माझी जॉयस्टिक पिळून रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं सुकाणू) द्यायची आहे. मूठ पिळली की चाकांची खुर्चीच थोडी फिरते. चाकांना खाली जुन्या टायरचे तुकडे लावले तेव्हा थांबली, पण पायाने खुर्ची आवळून धरायची सवय लागली, आणि ती काही चांगली नाही. दुसरी, मी एअरबस उडवते. ए-३२० मध्ये साइडस्टिक बाजूला असते, कॅप्टनच्या डाव्या हाताला. गुडघ्यांमध्ये काठी घेऊन ए-३२० उडवणं म्हणजे पुरणपोळीबरोबर ठेचा. खाता येईल, पण का?

मी खुर्चीच्या हातालाच छोटी फळी बांधली आहे, दोन नायलॉनच्या पट्ट्यांनी, मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा. डाव्या हाताने उडवते. पहिले दोन आठवडे भयंकर गेले.

रंधा_आणि_पटाशी

धंद्याने सुतार नाही, पण लाकडात हात आहे, म्हणून शिकंज्यांबद्दल थोडं सांगतो. वर सगळे 'आवळा' म्हणतायत, कसा ते कुणी सांगितलं नाही.

पहिलं, टेबल काय आहे ते बघा. हल्लीच्या तयार टेबलांत जाड दिसणारी फळी कित्येकदा आतून पोकळ असते, वर-खाली पातळ फळ्या आणि मधे पुठ्ठ्याची जाळी. बोटाने ठोकून बघा, डबा वाजल्यासारखा आवाज आला तर शिकंजा लावू नका. एक दिवस 'कर्र' करून फळी आत बसेल आणि मग भोक परवडलं असतं म्हणाल. पार्टिकल बोर्ड असेल तर चालतो, पण जबड्याखाली दोन्ही बाजूंना प्लायचा लहान तुकडा द्या, म्हणजे जोर पसरतो. कडेची पट्टी, तीही सुटते, त्यामुळे शिकंजा कडेपासून बोटभर आत.

दुसरं, फार आवळू नका. फळी हलत नाही तिथे थांबायचं. पुढचा अर्धा फेरा हौसेचा असतो.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, टेबलाला पुढच्या बाजूला ड्रॉवर आहे का? असेल तर खालून जबडा बसायला जागाच नाही. मग बाजूच्या कडेला लावा आणि प्लाय कोपऱ्यातून तुमच्याकडे वळवून घ्या.

@अनुस्वार यांचा मोठा पाट मला पटला. ड्रॉवरवाल्या टेबलाला तोच बरा.

पेठेतला_स्पष्टवक्ता

एवढी चर्चा! जुन्या बाजारात रविवारी जा, एक मोडकं लोखंडी टेबल उचला, त्याला हवी तेवढी भोकं पाडा. घरमालकाचं टेबल परत घरमालकाला. विषय संपला.

निळी_खुर्ची

आणि दुसरं टेबल वन रूम किचनमध्ये कुठे ठेवायचं, तेही सांगा.

पेठेतला_स्पष्टवक्ता

तो प्रश्न मूळ धाग्यात नव्हता.

कर्वेनगरचा_कोपायलट

@रंधा_आणि_पटाशी, आत्ता ठोकून पाहिलं. डावीकडे भरीव, उजवीकडे डबा. माझे दोन्ही शिकंजे उजवीकडे आहेत.

तूर्त काढले. आज रात्री अनुस्वारांच्या मापाचा प्लाय कापून आणतो, कीबोर्ड मांडीवर घेईन. 'बाकी सगळं थोतांड' हे वाक्य मागे घेतो. सक्शन कपांबाबत मात्र घेत नाही.

@पाटावरचा_पायलट, आमच्याकडेही माळ्यावर एक पाट आहे. आईला विचारलं. "कशाला हवाय?" एवढंच म्हणाली, पण ज्या स्वरात म्हणाली त्यावरून पुढचं सांगितलं नाही.