पडद्याची निवड आणि जोडणी

आर्केड यंत्रात (पूर्वी नाणे टाकून उभ्याने खेळत त्या व्हिडिओ-खेळाच्या कपाटात) रुंद टीव्ही बसवावा की ४:३ मापाचा (रुंदी चार भाग, उंची तीन भाग) जुना मॉनिटर, या आपल्या प्रश्नावर माझे मत निःसंशय मॉनिटरच्या बाजूचे आहे. बहुतेक जुन्या आडव्या आर्केड खेळांचे चित्र २२४ ते २४० ओळींचे असते, त्यामुळे १६०० × १२०० चा, म्हणजे १२०० ओळींचा पडदा मिळाल्यास प्रत्येक ओळ नेमकी पाचपट करता येते आणि रेषा कुठे जाड, कुठे बारीक दिसत नाहीत. ‘पॅक-मॅन’सारख्या उभ्या खेळांसाठी पडदा फिरवणार असाल, तर आयपीएस पॅनेलच (बाजूने पाहिले तरी रंग न बदलणारा सपाट पडदा) घ्यावे, कारण टीएन हे दुसऱ्या प्रकारचे पॅनेल उभे केले की शेजारी उभ्या असलेल्या खेळाडूला रंग बदललेले दिसतात, आणि दोघांनी खेळायच्या यंत्रात हा दोष मला अक्षम्य वाटतो. खेळ चालवणारा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) एचडीएमआय (चित्र-ध्वनीची डिजिटल जोडणी) असलेल्या पडद्याला थेट जोडता येतो. मूळ आर्केड सीआरटी (जुनी काचेची चित्रनळी) मात्र साधारण १५ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ हजार ओळींचा संकेत घेते, म्हणून संगणकाचा नेहमीचा ३१ किलोहर्ट्झचा व्हीजीए (संगणक-मॉनिटरची जुनी जोडणी) संकेत तिला तसाच देऊ नये.