मदत हवी आहे: मॉरिस मायनरच्या डाव्या दाराला आरसा, भोक नेमकं कुठे पाडू?

खडखडाट:
नमस्कार मंडळी. गाडी मॉरिस मायनर १०००, दोन दारांची, १०९८ सीसी, स्टिअरिंग उजवीकडे. क्लीनर साइडला आरसा कधीच नव्हता, दाराचा पत्रा अजून कोरा आहे. मागच्या सीटवर माणसं बसली की आतल्या आरशात फक्त त्यांची तोंडं दिसतात, म्हणून डावीकडे एक आरसा हवाच आहे.

माझा हिशोब साधा होता: उजव्या दारावरच्या आरशाचं माप घ्यायचं आणि डावीकडे तस्संच उतरवायचं. भोक पाडण्याआधी आरसा नुसता चिकटपट्टीने लावून पाहिला, ते बरं केलं. सीटवर बसलो तर अर्धा आरसा तिकोनी काचेच्या उभ्या पट्टीमागे गडप. उरलेल्या अर्ध्यात रस्त्याऐवजी बाजूचं कुंपण! आरसा माझ्याकडे पुरता वळतच नाही, तो ज्यावर फिरतो तो बॉल जॉइंट आधीच अडतो.

तर जागा कशी ठरवायची? दाराच्या आत काच खाली येते, ड्रिल तिच्यावर आपटलं तर? आणि पन्नासहून जास्त वर्षं धड राहिलेल्या पत्र्याला भोक पाडताना हात थरथरतोय, तो वेगळाच.

जुनाबोल्ट:
भोकच नको. दाराच्या कडेला चिमट्याने बसणारा आरसा मिळतो, तो लावा की.

खडखडाट:
लावून झाला, जुनाबोल्ट. वेग वाढला की थरथरतो, मागचा ट्रक आहे की बस ते कळत नाही. वर चिमट्याखालचा रंग घासला गेला.

पत्रेवाला:
माप उलटं उतरवलंत तिथेच गाडी घसरली. उजवा आरसा तुमच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर, डावा साधारण त्याच्या दुप्पट लांब, आणि पार बाजूला. म्हणून त्याला तुमच्याकडे बराच जास्त वळावं लागतं. तुम्ही आणलेला उजव्या बाजूचा तर नाही ना? काही आरशांची बैठक डावी-उजवी वेगळी असते. उजवा उचलून डावीकडे लावला की बॉल जॉइंट असाच अडतो.

आता जागा. आरसा पट्टीच्या पुढे न्या, म्हणजे तिकोनी काचेतून दिसेल आणि कमी वळवावा लागेल. दुसरा फायदा आत आहे. ती उभी पट्टी दाराच्या आत खाली उतरते आणि मोठी काच तिच्याच खाचेतून सरकते. म्हणजे पट्टीच्या पुढे भोक पाडलंत तर काच त्या वाटेला येत नाही. तरी ट्रिम (दाराचं आतलं आवरण) काढून, काच पूर्ण खाली करून, टॉर्च मारून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. माझ्या भरवशावर ड्रिल चालवू नका.

आणि खूण करण्याआधी तिकोनी काच पूर्ण उघडा. तिची मागची कड बाहेर येते, आरशाला धडकेल. हे मी एका गाडीत भोक पाडून झाल्यावर शिकलो.

तिरपीनजर:
आरसा सपाट घेऊ नका. एवढ्या लांबून सपाट काचेत रस्त्याची बारीक फीतच दिसते. बहिर्वक्र, म्हणजे मध्ये फुगीर, घ्या. फक्त त्यात मागची गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते, तेव्हा पहिले काही दिवस आतल्या आरशाशी पडताळून बघा.

खडखडाट:
पत्रेवाला, पकडलंत! डब्यावर चक्क 'उजवा' लिहिलंय. बदलून आणला. पुठ्ठ्याची बैठक कापून लावली, सीट नेहमीच्या जागी ठेवून बसलो, तिकोनी काच उघडून पाहिली. आता मागचा रस्ता दिसतो. ट्रिमही काढली. पण नवीन पंचाईत: पट्टीच्या पुढे आतला पत्रा इतका जवळ आहे की हात जात नाही. नट धरणार कसा?

पत्रेवाला:
नुसता नट नकोच. बाहेरचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, आरशाच्या हिसक्यांनी भोकाभोवती चिरेल. दोन-तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी कापा, बैठकीच्या मापाने भोकं पाडा, मागे नट वेल्ड करा आणि पट्टीला रंग द्या. मग दारातल्या भोकातून तार आत सोडा, आतल्या पत्र्यातल्या खालच्या मोठ्या मोकळ्या जागेतून बाहेर ओढा, लोखंडी पट्टीच्या एका भोकात अडकवा आणि बाहेरून हळूहळू खेचा. पट्टी आपसूक जागेवर येते. पहिला बोल्ट दुसऱ्या भोकात दोन आटे धरेपर्यंत तार सोडू नका.

ड्रिल करताना वर चिकटपट्टी, सेंटर पंचचा (खूण करायच्या टोकदार खिळ्याचा) हलका ठोका (जोरात माराल तर पत्रा दबेल), आधी तीन मिलिमीटरचं भोक, मग वाढवत न्या. ड्रिलला ग्रीस लावा म्हणजे लोखंडाचा कीस चिकटून येईल. दारात पडलेला कीस चुंबकाने वेचा. तो तळाच्या पाणी जायच्या भोकांत अडकला की दार खालून कुजतं, आणि ते वरून दिसतही नाही. भोकाच्या उघड्या कडेला झिंक प्रायमर, तो वाळल्यावरच रबरी गॅस्केट.

जुनाबोल्ट:
बोल्ट फार आवळू नका. रबर चेपून बाहेर आलं की पाणी तिथूनच आत शिरतं.

खडखडाट:
पट्टी कापायला घेतली. तार अडकवायची युक्ती आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर करून पाहिली, तिसऱ्या खेपेला जमली. ड्रिल उद्या सकाळी, उजेडात.