दोन भाटांमधली पट्टी ‘बेवारस’ की आणखी काही?

केरीकर
मामांच्या गोव्यातल्या जमिनीच्या प्रकरणातलं इंग्रजी निवेदन मराठीत करतोय. सही करण्याआधी मामांना शब्द न् शब्द वाचायचा आहे. आमचं भाट, म्हणजे माडांची बाग, आणि शेजाऱ्यांचं भाट यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी आहे. जुन्या पोर्तुगीज नोंदणीत ती ना आमच्या वर्णनात येते ना त्यांच्या. एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमच्याकडचा सातबाराच म्हणा) कब्जेदाराचा रकाना कोरा. चार माड आणि एक मोडका गडगा (दगडी कुंपण), एवढाच ऐवज. नारळ आमचाच पाडेली पाडतो. ‘मालक माहीत नाही, नोंद नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी होतं, मी ‘बेवारस जमीन’ लिहिलं. मामा भडकले. “बेवारस मडें आसता. आमी अजून जिवे आसात मरे!” दुसरा शब्द सुचवा.

अव्वल कारकून
मामांचं बरोबर आहे. वारस मेलेल्या माणसाला असतो. मालक होता, तो गेला, मागे कुणी उरलं नाही, तर बेवारस. आणि बेवारस मालमत्ता सरकारजमा होते, घटनेचं २९६ वं कलम बघा. कब्जावरून मालकी सांगायला खाजगी मालकाविरुद्ध १२ वर्षांचा कब्जा पुरतो, सरकारविरुद्ध ३० लागतात. म्हणजे एका शब्दापायी तुम्ही मामांवर आणखी १८ वर्षं लादताय. ‘मालकीची नोंद नसलेली’ असं सरळ लिहा.

चिरेखाण
बसस्टँडवर ‘बेवारस वस्तूंना हात लावू नका’ लिहितात तेव्हा कोण मेलेलं असतं? लोकांच्या तोंडी अर्थ सैल झालाय, तो राहू द्या की.

अव्वल कारकून
बसस्टँडवरची पिशवी मामलेदाराकडे जात नाही.

मोरड
‘बे’ फारसी, ‘वारस’ अरबी. आपल्याकडे ‘अस्वामिक’ हा स्वच्छ शब्द असताना ही उसनवारी कशाला? मनुस्मृतीत ‘प्रणष्टस्वामिक’ धनाचा वेगळा नियमच आहे: राजाने ते तीन वर्षं सांभाळायचं, तोवर मालक आला तर त्याचं, नाहीतर राजाचं.

चिरेखाण
म्हणजे तिथेही शेवटी सरकारजमाच! ‘अस्वामिक माडावर चढ’ असं पाडेल्याला एकदा सांगून बघा. आणि शुद्धीच करायची तर ‘जमीन’, ‘मालक’, ‘हद्द’ सगळंच काढा. निवेदनात मामांची सही तेवढी उरेल. थांबा, तीसुद्धा अरबी.

सातेरी
पुढचा शब्द काय लावलात? वर्षानुवर्षं धरून बसल्यामुळे आपली झाली, तो?

केरीकर
‘प्रतिकूल कब्जा’. मामांना तोही नको. जमिनी हडपल्याच्या प्रकरणांसाठी २०२२ साली विशेष तपास पथक नेमलं, तेव्हापासून पेपरात ‘कब्जा’ दिसला की त्यांना चोरच दिसतात. त्यांना ‘वहिवाट’ हवी.

अव्वल कारकून
मुळीच नको. वहिवाटीचा अर्थ वापर, रिवाज असा असला तरी आज दहातले नऊजण ‘जाण्यायेण्याची वाट’ असंच वाचतात. शेजारी म्हणेल, जा-ये करा खुशाल, जमीन कुठे मागताय? आणि मामांना त्यांच्या भाटाचाच उतारा दाखवा. छापील रकाना आहे ‘कब्जेदाराचें नांव’. तिथे मामांचं नाव असेल तर तेही कब्जेदारच. अर्थात त्या नोंदीवर फार उड्या मारू नयेत. उलट पुरावा येईपर्यंत ती खरी धरतात, इतकंच तिचं वजन.

मोरड
वाहती असते ती वाट म्हणून ‘वहिवाट’. उगम किती सुंदर आहे बघा.

चिरेखाण
सुंदर आहे म्हणून खरा होत नाही. ‘वहिवाटदार’ मग काय वाटेवर उभा असतो?

सातेरी
आमच्या आजोबांच्या तोंडी ‘प्रिस्क्रिसांव’ असायचं. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेतलं. कागद नसला तरी ३० वर्षं शांतपणे उपभोग घेतला की जमीन त्याची, असा त्यांचा हिशेब. मुक्तीनंतरही बरीच वर्षं गोव्यात मुदती त्याच संहितेप्रमाणे मोजत. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सिंडिकेट बँकेच्या खटल्यात १९६३ चा मुदत कायदाच लागू, असा निर्णय दिला. आजोबांना मात्र ३० सोडून दुसरा आकडा कधीच पटला नाही.

मोरड
‘प्रतिकूल’ मलाही खटकतो. प्रतिकूल हवामान असतं. ‘विरोधी कब्जा’ म्हणा.

अव्वल कारकून
मूळ मालकाच्या हक्काला प्रतिकूल, असा तो अर्थ. दांडगाई नाही, लपवाछपवी नाही आणि परवानगीही नाही, अशा तऱ्हेने धरलेला. शेजाऱ्याने ‘पाड बाबा नारळ’ म्हटलं असेल तर पन्नास वर्षंही फुकट. आता केरीकर, जरा नीट वाचा. पहिल्या परिच्छेदात ‘मालक माहीत नाही’ आणि पुढे ‘प्रतिकूल कब्जा’? कुणाला प्रतिकूल? खरा मालक कोण हेच ठाऊक नसेल तर त्याचा हक्क नाकारून कब्जा केला असं म्हणताच येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगून झालंय. शब्द मराठीत कुठलाही घाला, इंग्रजीतलीच दोन वाक्यं एकमेकांना खातायत. आधी वकिलाला विचारा.

केरीकर
वकील म्हणतात, तुम्ही फक्त भाषांतर करा.

सातेरी
उताऱ्यावर ‘शेताचें नांव’ असाही रकाना असतो. त्या पट्टीला काही नाव आहे का? आमच्याकडे हातभर तुकड्यालाही नाव असतं.

केरीकर
आहे. ‘मेर’ लिहिलंय, बास.

मोरड
मग ती हद्दच! प्राकृतात ‘मेरा’ म्हणजे मर्यादा. हद्दीला कुठला आलाय मालक?

चिरेखाण
मेर शेताला असते, चिखलमातीची. भाटाला चिऱ्यांचा गडगा. माडांत मेर आली कुठून? कारकुनाने काहीतरी खरडलंय.

सातेरी
पूर्वी तिथे शेत असेल, नंतर भर घालून माड लावले असतील. आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतात, तर मेर वेगळी आणि बांद वेगळा.

मोरड
बांद नव्हे, बांध.

सातेरी
आमच्याकडे बांदच.