जुगाराचा हिशेब सरकारने ठेवावा का?

आकडेमोड:
पावसाळा आला की पुण्यात कॅम्पातल्या रेसकोर्सवर घोडे पळू लागतात. तिथे खिडकीवर लावलेला रुपया कागदावर येतो, कारण त्यावर कर आहे. लॉटरीच्या टपरीवरची विक्रीही नोंदली जाते. राज्याची स्वतःची लॉटरी 1969 पासून आहे. त्याच टपरीमागे कुणी मटक्याचा आकडा घेत असेल, तर त्याचा हिशेब मात्र फक्त चिठ्ठीवर. एकाच माणसाचा नाद तीन ठिकाणी, आणि बेरीज कुणीच करत नाही.

माझं म्हणणं असं, की राज्याने ही बेरीज दरवर्षी करावी आणि छापावी. सरकारी उद्योग-वर्गीकरणात जुगाराला 92 क्रमांकाचा वेगळा विभाग आहे, रकाना तयार आहे. ब्रिटनचा जुगार आयोग असे आकडे नियमित देतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचं सांख्यिकी कार्यालय सगळ्या राज्यांचे एकत्र करतं. 1930 पासून गोखले इन्स्टिट्यूटसारखी अर्थशास्त्राची संस्था असलेल्या गावात ही मागणी विचित्र वाटू नये.

शनिवारपेठी:
रकाना आहे म्हणून भरायचाच का? आपल्या राज्याने 1976 साली कॅसिनोचा कायदा केला. तो अमलात कधीच आला नाही, पण पुस्तकात होता ना, मग अधूनमधून कुणीतरी उठायचं, ‘परवाने द्या, महसूल बुडतोय’. 2023 मध्ये रद्द झाला तेव्हा कुठे सुटलो. तुमचा वार्षिक आकडा म्हणजे त्याच मंडळींच्या हाती आयतं कोलीत.

आणि गंमत बघा, मटका सुरू झाला तोच न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर. साध्या बाजारभावावर आकडा लावणारे लोक आपण. तुमच्या अहवालावरही ओपन-क्लोज, म्हणजे उघडतानाचा आणि बंद होतानाचा आकडा, लावतील.

आकडेमोड:
हसलो. पण आकडे आत्ताही फिरतातच की. आयपीएल आली की ‘इतक्या हजार कोटींचा सट्टा’ अशी बातमी येते. कुणी मोजलं, कसं मोजलं, काही पत्ता नाही. परवाने मागणारे तोच आकडा वापरतात आणि बंदी मागणारेही.

गणिताचे मास्तर:
ते ‘हजार कोटी’ बहुतेक उलाढालीचे असतात. खरी गोम तिथेच आहे.

आमच्या लहानपणी एकेरी आकड्याला रुपयाला नऊ मिळायचे. आकडे दहा. दहा जणांनी एकेक आकडा घेतला तर जमा दहा, वाटप नऊ, बुकीला एक. म्हणजे दर फेरीला सरासरी दहा टक्के जातात. आता शंभर रुपये घेऊन बसलेला माणूस जिंकलेलं पुन्हा लावत राहिला, तर खिसा रिकामा होईपर्यंत त्याने लावलेल्या रकमांची बेरीज हजाराच्या घरात जाते. घरातून गेले शंभरच. बातमीत येणार हजार.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतही जुगाराचं उत्पादन म्हणजे लावलेली रक्कम वजा वाटलेली बक्षिसं. बाकीचा पैसा या खिशातून त्या खिशात. मोजायचंच असेल तर हे शंभर मोजा.

शनिवारपेठी:
मास्तर, गणित मान्य. पण ते शंभर सांगणार कोण? बुकी वही दाखवणार? पोलिसांचे आकडे म्हणाल तर 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली किती गुन्हे नोंदले, एवढंच त्यात कळतं. धाडी जास्त पडल्या म्हणून त्या महिन्यात जुगार वाढला म्हणायचं का?

हडपसरची ताई:
मी अर्थशास्त्र शिकलेले नाही, पण घरात हे पाहिलंय. सर्वेवाला दारात आला असता तर आमच्या सासऱ्यांनी ‘वरखर्च’ म्हणून सांगितलं असतं आणि सासूबाईंनी मान हलवली असती. आम्हाला कळलं ते भिशीचा हप्ता सलग तिसऱ्यांदा चुकला तेव्हा. किराणावाल्याला त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं, उधारीची पानं वाढत होती ना.

आणि सरासरी काढू नका हो. आमच्या गल्लीत आठवड्याला एक तिकीट घेणारे वीसजण होते आणि घर बुडवणारे एकटे आमचे सासरे. तुमच्या सरासरीत आमचं घर कुठे दिसणार?

आकडेमोड:
ताई, हे माझ्या मांडणीत नव्हतं, चुकलंच. एकूण रकमेपेक्षा ती किती थोड्या घरांतून येते, हे आधी मोजायला हवं.

कॅम्पातला:
मोबाइलवरच्या खेळांचं कुणी बोललंच नाही! ऑक्टोबर 2023 पासून तिथे जमा केलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, जिंकलेल्यावर 30 टक्के आयकर कापला जायचा. म्हणजे निदान नोंदणीकृत कंपन्यांपुरती पै-पैची नोंद होती. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले, त्याबरोबर ही नोंदही संपली. खेळणारे घरी बसले की परदेशी साइटवर गेले, आता कसं कळणार?

शनिवारपेठी:
गेले हे कशावरून म्हणता? आकडा दाखवा.

कॅम्पातला:
अहो, तुम्हीच आता आकडा मागताय!

शनिवारपेठी:
बरं, पकडलंत. करखात्याकडे त्या दोन वर्षांचं जे पडून आहे, ते जिल्हावार जाहीर करायला माझी हरकत नाही. ताई म्हणतात ते घरांचं मोजमापही करा, पण ते आरोग्य खात्याने करावं. अर्थ खात्याच्या अहवालात, ‘उद्योग’ या मथळ्याखाली, महसुलाच्या शेजारी ते नको. तो शब्द मी मान्य करणार नाही.

गणिताचे मास्तर:
आरोग्य खात्याला भागाकार जमतो का, ते आधी बघायला लागेल.